आडवी वाटी

असं शिकवलं तर गोठ्यातल्या म्हशीला तरी ऐकू जाईल का, या विचारानं झुंबरबाईंचं डोकं फिरलं होतं. त्यांची सून क्रांती गोठ्याच्या पत्र्याच्या दारावर खडूनं आकृती काढत होती आणि दाराकडंच तोंड करून पुटपुटत होती. डोक्यावर पदर, मान खाली.

दोन कॉलेजांतून ती अशीच परत आली होती. गणित चोख आहे, पण मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही, म्हणाले. उद्या उचगावात तिसरी मुलाखत. पोरांसमोर तास घेऊन दाखवायचा. आवाज येणार कुठून? सुनेनं सासूपुढं वर बघून बोलायचं नाही ही घरातली रीत, आणि ती पाळून घेणाऱ्या झुंबरबाईच.

त्यांनी रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. "मला शिकीव."

"तुम्हाला, आत्या?"

"का? दुसरीपत्तूर शाळंत गेलतो की मी."

क्रांतीनं दाराकडं बोट केलं. दोन ठिपके एकाखाली एक, (२, १) आणि (२, -१), तिसरा डावीकडं मधोमध, (१, ०), आणि तिन्हींतून जाणारी कमान. "हा पॅराबोला. याचं समीकरण काढायचं."

"वाटीच हाय की! पण आडवी का पाडलीस? उभी कर."

"उभी नाही चालत." तिनं हळूच कारण सांगितलं.

"उभी."

तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"उभीच! मी सांगतोय न्हवं?"

क्रांती गर्रकन वळली. पदर खांद्यावर घसरला. "चुकलं, आत्या! हे दोन ठिपके एकाच उभ्या रेषेवर आहेत. उभी वाटी त्या रेषेला एकदाच छेदणार. वरच्या ठिपक्यातून गेली की खालचा सुटला! म्हणून ती आडवीच. म्हणून वर्ग वायचा घ्यायचा, एक्सचा नाही. आता तिन्ही ठिपके समीकरणात घाला. एक्स बरोबर वाय वर्ग अधिक एक. आलं का ध्यानात?"

दूध घालायला निघालेला शेजारचा कृष्णात रस्त्यावरच थबकला.

झुंबरबाईंना तोंडावर 'चुकलं' म्हणणारं माणूस त्या घरात आजवर जन्मलं नव्हतं. क्रांतीला ते आत्ता उमगलं. तिचा हात पदराकडं गेला.

झुंबरबाईंनी तो मधेच धरला.

"ऱ्हाऊ दे पदर. वाटी आडवी हाय ते मला पयल्याच डावाला कळलंतं. उद्या पोरांम्होरं बी अशीच बोल."