बपेऱ्याचं दही

श्यामरावांच्या ट्रकला ट्रेलर जोडला की मागची बाजू खाली बसायची, खड्ड्याखड्ड्याला उसळायची. पंच्याहत्तर साली बायकोला, शकुनबाईंना, माहेरी बपेऱ्याला नेताना त्यांच्या मांडीवरचं दह्याचं मडकं फुटलं. तेव्हापासून त्या एसटीनेच जात. तीन वर्षांनी श्यामरावांनी मिस्त्रीकडून मागच्या कमानीत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये, दोन पोलादी पाटे वाढवून घेतले आणि बायकोला म्हणाले, "दुधाले विरजण लावून ट्रकात बस. बपेऱ्याले पोचेपर्यंत दही नाही लागलं, तर एसटी हायेच." तुमसरहून रस्ता दीड तासाचा; सकाळी निघाले, पोचेस्तोवर दिवस कलला. माहेरच्या अंगणात शकुनबाईंनी झाकण काढलं. मडकं तिरपं केलं तरी दही हललं नाही. "पाह्य, कमान कशी हाये!" श्यामरावांची छाती फुगली. "कमान बेस हाये जी," शकुनबाई हसू दाबत म्हणाल्या, "पण वाटेत सिहोऱ्यात मागं असलेली दादाची बैलबंडी आपल्याआधी पोचली, बैल रवंथ करून राहिले. घरी नेतानीबी असंच नेजा."