अंगदच्या आवडीचा सिनेमा

पडद्यावरचा माणूस पुन्हा खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि अश्विनीने मनातल्या मनात त्याला एक शिवी हासडली.

तासाभरात त्या बाबाने काय केलं होतं? लिफ्टने खाली गेला, लिफ्टने वर आला, उभ्याउभ्या नूडल्स खाल्ल्या. शेजारचा माणूस मेलेला वासावरून कळला, तरी पठ्ठ्या खिडकीशीच. आधुनिक माणसाचं एकटेपण म्हणे! शेजाऱ्याला चहाला बोलवायला काय धाड भरली होती?

नगरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये रविवारची सकाळ अशी वाया चालली होती. सोबतीला आलेली रेश्मावहिनी मागच्या रांगेत केव्हाच झोपली होती. अश्विनीला तिचा हेवा वाटला.

पण शेजारी अंगद बसला होता. राहुरीच्या घरी आजवर आलेल्या स्थळांमध्ये हा एकच तिला मनापासून आवडला होता. बघायला आला तेव्हा स्वयंपाकाचं सोडून त्याने तिच्या प्रयोगशाळेतल्या बियाण्यांबद्दल विचारलं, आणि उत्तर ऐकूनही घेतलं. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. त्यात मध्यस्थ आसाराममामांनी बजावलेलं, "राहात्याचं पोरगं लई येगळं हाय. तसलेच गंभीर सिनेमे बघतं. जरा सांभाळून बोल."

मध्येच अंगद उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा चेहरा ओला होता, डोळे लाल. याला एवढं लागतं? अश्विनी धसकलीच.

सिनेमा एकदाचा संपला. बाहेर टपरीवर अंगदने चहा सांगितला. वहिनी मुद्दाम लांब उभी राहिली.

"कसा वाटला?" त्याने विचारलं.

"सुन्न झाले. तुम्हाला?"

"तुम्ही सांगा ना आधी."

आता माघार नव्हती. ती शांततेवर बोलली, खिडकीवर बोलली, नूडल्सवरसुद्धा बोलली. स्वतःचंच ऐकून तिला हसू फुटत होतं, ते तिने चहाबरोबर गिळलं.

"असे सिनेमे रोज बघायला मिळाले तर मला दुसरं काही नको," ती म्हणाली.

अंगदने उरलेला चहा एका घोटात संपवला. "असं?" एवढंच म्हणाला.

जिंकलं, असं तिला वाटलं. घरी येईपर्यंत ती गुणगुणत होती.

संध्याकाळी मामांचा फोन आला. वहिनीने स्पीकर लावला.

"न्हाई म्हनतोय पोरगा," मामा वैतागले होते. "आता मी काय डोकं आपटू? आपल्या पोरीला तसले सिनेमे आवडत्यात, असं मीच त्याला सांगितलं हुतं. दोन्हीकडं थोडं चढवूनच सांगावं लागतं, त्याबिगर लग्नं जुळत्यात व्हय? तिच्यासाठी बसला बिचारा, तोंडावर पानी मारून मारून. म्हनतो, पोरगी लई मनात भरलीया, पन मामा, तिला त्यो सिनेमा खरंच आवडला हो!"