पाण्याची जागा

पाणी शोधायच्या मशीनची चौथी सळई जमिनीत शिरेना, तेव्हा प्रांजलनं हातोडा खाली ठेवला आणि घाम पुसला.

"मामा, हरणाबाई कुठायत? आठ दिवसांत पाच फोन केले त्यांनी मला."

"घरात हाय," बिराप्पा म्हणाला. "पडलीया."

जतच्या या माळावर बोर मारायचा, तर आधी जमिनीखालचं पाणी तपासून घ्यायचं, हा हट्ट बिराप्पाच्या बायकोचा, हरणाबाईचा. सांगलीहून मशीन घेऊन येणाऱ्या या मुलीचा नंबर तिनंच मिळवला होता. फोनवर ती भडाभडा बोलायची. टँकर चार दिवसांनी येतो, तोवर लोकांच्या शेततळ्यावरनं घागरी आणते, म्हणायची. पाणी लागलं की पहिली घागर तुमच्या डोक्यावर ओतते बघा, असं म्हणून खदखदून हसायची. प्रांजलला तिला बघायचंच होतं.

घरासमोर पंधरा-वीस माणसं बसली होती. मशीन बघायला आली असतील, असं तिला वाटलं. पण कुणी जवळ येईना, काही विचारीना. चहासुद्धा शेजारच्या मंगलनं आपल्या घरून आणला.

"त्यांना बरं नसेल तर मी नंतर येते, मामा."

"नगं. तिनं बोलावलंय तुमास्नी. मोजा."

वायरीचं टोक धरून तो ती सांगेल तिकडं चालत राहिला. दुपार कलली तेव्हा आकडे जुळले. प्रांजलचा चेहरा उजळला.

"त्या बाभळीजवळ मारा. अडीचशे फुटांच्या आसपास चांगलं पाणी दिसतंय. आधी त्यांना सांगूया, चला!"

बिराप्पा जागचा हलला नाही.

"आन पाणी अजिबात न्हाई, असं कुठं हाय?"

"वरच्या टोकाला. पाच-सहा फूट मुरूम, खाली नुसता काळा दगड. तिथं कितीही खोल गेलात तरी कोरडंच."

बिराप्पानं हात वर केला. बसलेल्यांतले चौघे उठले आणि कुदळ-फावडी घेऊन टोकाकडं चालू लागले.

"अहो मामा, तिथं नको! तिथं थेंबभर ओल नाही!"

"म्हनूनच, पोरी," बिराप्पा म्हणाला. "काल शेततळ्यात पाय घसरून बुडाली ती. आता मातीत तरी तिला पाणी शिवाया नगं."