दुहेरी काच

रस्त्यावरच्या गोंगाटाने माणसाचं बीपी वाढतं का, हे आम्हाला शोधायचं होतं. म्हणून हमरस्त्याला लागून असलेल्या एका इमारतीत घरोघरी दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या. महिन्याभरात बहुतेकांचं बीपी उतरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचं मात्र चढलं.

माझं डोकं चालेना. मीठ, चहा, गोळ्या, सगळं विचारून झालं. उत्तरं देऊन देऊन मावशी वैतागल्या.

"झोप तरी लागते ना? आता तर बाहेरचं काहीच ऐकू येत नाही."

"म्हणूनच डोळ्याला डोळा लागत नाही! लेक रात्रभर ट्रक चालवतो. पहाटे खालून जाताना माझ्यासाठी दोनदा हॉर्न देतो. तो ऐकला की कळायचं, आला बाबा सुखरूप. आता काचेला नाक लावून बसते."

"अहो मावशी, मग खिडकी उघडायची की!"

"तुम्हीच बजावून गेलात ना, प्रयोग संपेपर्यंत हात लावायचा नाही म्हणून?"

ऑफिसात आल्या आल्या मी खिडक्या बसवण्याआधीच्या रात्रीचे दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. एक रस्त्याच्या आवाजाचा, दुसरा मावशींच्या दंडाला बांधलेल्या बीपीच्या यंत्राचा. पहिल्यात पहाटे आवाजाचं सगळ्यात उंच टोक होतं. त्याला लाल गोल करून मीच बाजूला लिहिलं होतं, 'सर्वांत घातक'.

दुसऱ्यात, त्या टोकानंतर लगेच, मावशींचं बीपी झरझर खाली आलं होतं.