गाडीत अर्थ न्हाई

लखूनं चावी फिरवली. टक्. बस्स, एवढाच आवाज. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

अंगणात उभा असलेला रामनगरचा प्रशांत हसला. मोडीत निघालेल्या गाड्या घेणं हा त्याचा धंदा. "ऱ्हाऊ द्या काका. चालली तर चालवत न्हेतो, न्हाईतर दोरी लावून न्हेतो. मला दोनी सारखंच."

लखूला ते सारखं नव्हतं. उभा जन्म जिच्या स्टेअरिंगमागं काढला, ती जीप गुंद गावातनं सगळ्यांदेखत दोरीनं ओढत जाणार, हे त्याला बघवणार नव्हतं.

तशी ती वाईट नव्हती हो. लहरी होती. सकाळी चालू व्हायची, दुपारी नाही. बाजारात व्हायची, अंगणात नाही. कुणी म्हणालं बॅटरी, बॅटरी बदलली. कुणी म्हणालं स्टार्टर, तोही खोलून झाला. जोयड्याला नागेशच्या गॅरेजात नेली की मात्र पहिल्याच चावीला गुरगुरायची. दवाखान्याच्या दारात पोराचा ताप उतरतो ना, तसलाच प्रकार. नागेश हा गावातल्या रुक्मिणीचा मुलगा, लखूला मामा म्हणणारा. तो कपाळाला हात लावायचा. "मामा, अडली असताना मला सांगा. चालत्या गाडीचा रोग कसा हुडकू?"

त्यात लेक राखी बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आलेले. गावातनं बस एकदा गेली की गेली. राखी स्वतः याच जीपच्या मागच्या बाकावर, सुप्याच्या धरणाजवळच्या वळणावर जन्मली होती. तिचं बाळ तरी दवाखान्यात जन्मावं, एवढंच लखूचं मागणं. ऐन वेळी टक् झालं तर?

काल जीप अडली तशी लखू तडक फणसाखाली गेला. गावात रेंज तेवढ्याच जागी. नागेशनं फोनवर एकच विचारलं, "मग अशी अडली की चालू कशानं हुते?"

लखूला सांगायचीही लाज वाटली. "तुझी मामी म्होरल्या मडगार्डावर दोन्ही हात टेकून शिव्या घालते. 'आज रुसलीस व्हय गं भवाने?' म्हणते. तवा हुते." लखू बायकोला, फुलाला, भितो तशी त्याची गाडीही भिते, असं गावात सगळे म्हणतच होते.

नागेश हसला नाही. "असं व्हय! मग कळलं मामा. गाडीत अर्थच न्हाई तुमच्या, मी..." आणि रेंज गेली.

लखू फणसाखालीच बसला. नागेशनं कधी कुणाची गाडी उगाच मोडीत काढली नव्हती. त्यानं अर्थ नाही म्हटलं म्हणजे नाही. आणि गाडीत नाही, तर तिच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरात तरी कुठला? त्यानं प्रशांतला निरोप धाडला. राखीसाठी कुळगीच्या एका टॅक्सीवाल्याला सांगून ठेवलं. टॅक्सीवाला म्हणाला, "बघू." त्या 'बघू'नं लखूचा जीव टांगणीला लागला होता.

"फुला," त्यानं आता हाक मारली, "एकडाव हात लाव की गं. निदान सोताच्या चाकावर जाऊ दे तिला."

फुला दारातनं हलली नाही. "न्हाई लावायची. राखीच्या येळंला मी हिच्यातच मरता मरता वाचली. आन् अर्थ न्हाई म्हणं हिच्यात! न्हेऊ दे त्याला वढून. माझ्या हातानं मी न्हाई घालवायची तिला." बोलता बोलता तिचे डोळे भरले.

प्रशांतनं बंपरला गाठ मारायला घेतली, तेवढ्यात नागेशची मोटारसायकल अंगणात शिरली. "मामा, कालधरनं फोन लावतोय, लागंना," म्हणत त्यानं पिशवीतनं जाडजूड काळी वायर काढली. मग त्याचं लक्ष दोरीकडं गेलं. "ह्ये काय चाललंय?"

"तूच म्हणालास की. गाडीत अर्थ न्हाई."

नागेश मटकन खाली बसला आणि पोट धरधरून हसायला लागला. "अवो मामा! अर्थ म्हंजे अर्थची वायर! बॅटरीतनं गाडीच्या पत्र्याला जोडत्यात, ती. तिला अर्थ म्हणत्यात आमच्यात!"

त्यानं बोनेट उघडलं. मडगार्डाच्या आतल्या अंगाला ती वायर एका गंजक्या बोल्टावर कशीबशी लोंबत होती. "ह्ये बघा. कधी टेकतीय, कधी न्हाई. मामी वरनं भार देती, पत्रा दबतो, वायर टेकती. शिव्यांचा काय संबंध न्हाई."

गंज खरवडून त्यानं नवी वायर बसवली. लखूनं देवाचं नाव घेऊन चावी फिरवली. जीप पहिल्या झटक्याला चालू झाली. बंद केली, पुन्हा चालू झाली. दारात आलेली राखी पोटावर हात ठेवून हसली. प्रशांतनं मुकाट्यानं दोरी सोडली आणि फुलानं पुढं केलेला चहा घेतला.

लखूनं नागेशचे तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत धरले. "देवासारखा आलास रे बाबा. तुझं उपकार कसं फेडू?"

"माझं कसलं उपकार? वायर कवाचीच गेल्याली. मामीचा हात हुता म्हणून इतकी वर्सं अर्थ हुता."

लखूनं फुलाकडं बघितलं.

"त्ये मला पयल्यापास्नं म्हाईत हाय," तो म्हणाला. "गाडीचं तेवढं आज कळलं."