गिअर की पट्टा

श्यामकांतांनी रविवारी सकाळी अलकनंदाबाईंना स्वयंपाकघरातून हाक मारली आणि त्यांच्या हातात पाना दिला. लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. मधोमध फळीवर आवळलेली बोटीची मोटर, एका बाजूला लोखंडी पेटीत बंद असलेला गिअर, दुसऱ्या बाजूला रबरी पट्टा आणि त्याच्या दोन पुल्या.

निवृत्त झाल्यावर श्यामकांत दाभोळच्या खाडीत शिडाची बोट चालवणार होते. वारा पडला तर ही घरी बनवलेली मोटर. मोटर भरभर फिरते, पाण्यातल्या पंख्याला मात्र सावकाश फिरायचं असतं, म्हणून वेग कमी करायला मधे गिअर तरी हवा, नाहीतर पट्टा तरी. त्यांच्या मुलाने, प्रतीकने, गुरुग्रामहून फोनवर निकाल देऊन टाकला होता. बिल्कुल गिअर. वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही, पट्टा काय, कधीही तुटतो. श्यामकांतांना ते पटतही होतं. तरी महिनाभर घोडं तिथेच अडलं होतं.

आता पट्टा तुटला असं समजून तो काढायचा आणि नवा चढवायचा, असं त्यांनी सांगितलं. अलकनंदाबाईंना हसू आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने त्यांना हत्याराला हात लावू दिला नव्हता.

त्यांनी नट ढिले केले, मोटर सरकवली, पट्टा चढवला, मोटर मागे ओढून नट आवळले. पट्टा सैलच राहिला. पुन्हा केलं. बोटं काळी झाली. एरवी कुकर लावतानाही सूचना देणारे श्यामकांत हात मागे बांधून गप्प उभे होते. अखेर पट्टा ताठ बसला आणि मोटर सुरू करताच पुलीला जोडलेला पंखा संथ फिरू लागला.

"आणि गिअर बिघडला तर?" बाईंनी विचारलं.

"तो असा उघडता येत नाही. वर्कशॉपमध्ये न्यावा लागतो."

"अच्छा. म्हणजे भर खाडीत पट्टा बदलायचं काम माझं. आणि तुम्ही कुठे असणार तेव्हा?"

"बोटीतच असेन."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले. जानेवारीत त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते.

अलकनंदाबाईंनी मोटर बंद केली. त्यांना आधी राग आला, मग भीती वाटली, आणि या माणसाबद्दल मायाही त्याच वेळी वाटली. मग त्यांनी फडक्याला हात पुसले आणि गिअरची पेटी उचलून परत खोक्यात घातली.

"मग नुसता पट्टा काय शिकवताय?" त्या म्हणाल्या. "बोट किनाऱ्याला कशी लावायची, तेही शिकवा."