दुसऱ्या पालीची खोली

दिवस पहिला

“चाळीस दिवस?” जनार्दनरावांनी विचारलं.

“क्वारंटाइन म्हणजे क्वारंटाइन, आजोबा,” म्हणत कृतिकाने कापडाने झाकलेली काचेची पेटी त्यांच्या टेबलावर ठेवली.

तिच्या खोलीत बर्फी होती, ठिपक्यांची पिवळी पाळीव पाल. नवी पाल लगेच तिच्याजवळ ठेवली तर रोग लागतो, शिवाय दोघी एकमेकींना फाडून खातात. बेसमेंट गारठलेलं. बैठकीत दर वेळी दार उघडलं की कॅनडातल्या लव्हालची उणे वीसची हवा आत. उरली आजोबांची खोली.

जन्मभर पाली झाडूने हाकलल्या, आता त्यांच्यासाठी बिऱ्हाड हलवायचं. पण नातीपुढे त्यांचं कधी चाललं नव्हतं. आणि घरात दुसरी गादी होती ती एकाच खोलीत. बायकोच्या, ताराबाईंच्या.

ताराबाई अकरा महिने त्यांच्याशी बोलत नव्हत्या. बेसमेंट आवरताना जनार्दनरावांनी त्यांचं हार्मोनियम न विचारता देऊन टाकलं होतं. “सहा वर्षं हात लावला नव्हतास,” हे वर. तेव्हापासून सगळे निरोप कृतिकामार्फत. गेले पंधरा दिवस ताराबाई पिवळ्या लोकरीचं काहीतरी विणत होत्या. कोणासाठी, हे विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

दाराला चिठ्ठी: आत येऊ नये. अनोळखी चेहरा बघून ती घाबरते.

दिवस दुसरा

रात्र सोफ्यावर काढली. सकाळी पाठ सरळ होईना. उशी घेऊन ते मुकाट वर ताराबाईंच्या खोलीत गेले.

दिवस सहावा

त्यांच्या कार्डिगनची दोन काळी बटणं गायब. ड्रायरने खाल्ली असणार. विचारायचं कोणाला?

दिवस बारावा

“घोरणं कमी झालंय,” ताराबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या.

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. जनार्दनरावांनी तरी एकदा मागे वळून पाहिलं.

“गादी चांगली आहे,” ते म्हणाले.

दिवस सतरावा

दोन पाली झाल्या, तरी त्यांना खाऊ घालायच्या रातकिड्यांचा डबा आठवड्याला एकच संपत होता. जनार्दनराव जुने इंजिनिअर, हिशेब जुळला नाही की चिडचिड व्हायची. नवी लाजते, कमी खाते, असं कृतिकाचं उत्तर. एवढे लाड, आणि उपाशी राहून दाखवते वर.

दिवस चोविसावा

“हार्मोनियम द्यायला नको होतं,” ते टॉवेलमध्ये तोंड खुपसून म्हणाले.

“ऐकू आलं नाही.”

त्यांनी टॉवेल बाजूला करून पुन्हा म्हटलं.

“आता आलं,” ताराबाई म्हणाल्या, आणि चहाचा कप त्यांच्या बाजूला सरकवला. साखर बरोबर होती.

दिवस एकोणचाळिसावा

नाश्त्याला कृतिकाने जाहीर केलं, उद्या नवी पाल बर्फीला भेटेल आणि आजोबांना त्यांची खोली परत. तिने आजीकडे पाहिलं. आजीने डाव्या हाताने उपम्यावर लिंबू पिळलं. राहा असं कोणी म्हणालं नाही. मग वर जाऊन ताराबाईंनी जनार्दनरावांच्या उशीची खोळ बदलली आणि उशी आपल्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवली.

जनार्दनरावांचं डोकं फिरलं. एका पालीने यावं, माणसाला उठवावं, सवय लावावी आणि निघून जावं. कृतिका कॉलेजला गेल्यावर ते चिठ्ठी ओलांडून खोलीत शिरले. निदान तिचं तोंड तरी बघू.

त्यांनी कापड काढलं. तांबड्या दिव्याखाली, वाळूवर, ती अजिबात न घाबरता त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी झाकण उघडून हात घातला. अंग पिवळ्या लोकरीचं, दुहेरी टाक्यांचं, शेपटीच्या टोकाला ताराबाईंची नेहमीची गाठ. डोळ्यांच्या जागी कार्डिगनची दोन काळी बटणं.

त्यांनी तिला होती तशी वाळूवर ठेवली, कापड नीट ओढलं, ताराबाईंच्या दाराशी ठेवलेली उशी उचलून पुन्हा त्यांच्या खोलीतल्या पलंगावर टाकली आणि जिन्यातून खाली हाक मारली, “ताराबाई, कृतिकाला सांगा, नवी अजून रुळलेली नाही. आणखी चाळीस दिवस लागतील.”